लिहिणाऱ्याचे नाव शेवटी

मोताळ्याच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. त्या टेबलावर आजवर जितक्या माणसांनी आपली दुःखे आणून ठेवली, तितकी या तालुक्यातल्या एखाद्या देवापुढेही ठेवली गेली नसतील. हा गर्व नव्हे. ज्यास शंका असेल त्याने बाजाराच्या दिवशी येऊन रांग पाहावी. मी दहावी नापास आहे, हे मी कधी लपवले नाही. परंतु किती साहेब आले आणि बदलून गेले, माझा मसुदा कोणी परत पाठवला नाही. अर्जदाराची हकीकत, त्याची अडचण आणि त्याची मागणी हे तीन भाग ज्याला वेगळे करता येतात त्यालाच अर्जनवीस म्हणावे, असे माझे मत आहे. आज मात्र मला ते वेगळे करता येत नाहीत. आज अर्जदार मीच आहे, लिहिणाराही मीच आहे, आणि अर्ज ज्यांच्या सेवेशी सादर करायचा ते साहेब कोण, हे मला पन्नाशी उलटून गेली तरी कळलेले नाही.

आमचे गाव मोताळ्याहून रोहिणखेडकडे जाताना डाव्या हाताला आत आहे. घर दोन खणांचे, वर टिनपत्रे, पुढे शेणाने सारवलेली ओसरी. बाबा त्या ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहीत आणि आठवड्यातून दोनदा पिशवीत कागद, टाक आणि शाईची दौत घालून मोताळ्याला जात. त्यांच्या टाकाचा कागदावर चालताना होणारा आवाज हा आमच्या घरातला मुख्य आवाज होता. त्यापाठोपाठ चुलीवर तव्यात भाकर उलटल्याचा, आणि दुपारी गावच्या पिठाच्या गिरणीचा ठोका, जो उन्हात दुरून आल्यासारखा वाटे. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायची. सोबत आंबाडीची भाजी, कधी ठेचा, आणि हिवाळ्यात वांगी भाजून केलेले भरीत. त्या भरिताचा धूर घरात शिरला की बाबा टाक खाली ठेवून म्हणत, "आता कोणाचाच अर्ज नाही. आता फक्त वांगं." माय हसायची. माय हसायची हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण पुढे तसे लिहिण्याचा प्रसंग येणार नाही.

माझी धाकटी बहीण कुसुम नऊ वर्षांची होती. तिचे घरातले काम टीपकागद धरण्याचे. बाबांची ओळ संपली की ही टीपकागद घेऊन वाकायची, हलक्या तळव्याने दाबायची आणि उचलून पाहायची की उलटी अक्षरे उमटली की नाही. ते टीपकागद ती फेकू देत नसे. चुलीमागच्या कोनाड्यात तिने त्यांची थप्पी रचली होती आणि उलटी अक्षरे आरशात धरून ती वाचायची. दहावी नापास झाल्यावर मी बाबांच्या हाताखाली पक्क्या प्रती लिहू लागलो, तेव्हा ती माझ्याही शेजारी येऊन बसू लागली.

"दादा, तुयं अक्षर लय सुंदर हाय," ती एकदा म्हणाली. "साहेब तुया अर्ज वाचतच नसन."

"काऊन?"

"नुसता पाहतच राहत असन."

मी सतरा वर्षांचा होतो. गणित आणि इंग्रजी या दोन विषयांनी माझी जी बेइज्जती केली होती ती या एका वाक्याने भरून निघाली. आजही कोणी माझ्या अक्षराची तारीफ केली की मला तिचा आवाज ऐकू येतो, म्हणून मी तारीफ करणाऱ्याकडे पाहत नाही. लोक त्याला घमेंड म्हणतात.

बाबांनी मला धंद्याच्या तीन रीती शिकवल्या होत्या. कच्ची प्रत साहेबापुढे कधी ठेवायची नाही. पक्की करून, समास सोडून, मायना घालूनच ठेवायची. सामूहिक अर्ज असेल तर गावात ज्याचा मान त्याचे नाव वर. कारण साहेब पहिली दोन नावे वाचतो आणि त्यावरून अर्जाचे वजन ठरवतो. आणि लिहिणारा स्वतः अर्जदारांपैकी असला, तर त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे नाव सर्वांत शेवटी. "ज्याच्या हाती टाक, त्यानं मागं उभं राहायचं," बाबा म्हणत. "नाहीतर लोकं उद्या आपल्या हातून कागद लिहून घेणार नाहीत." तीनही रीती चांगल्या आहेत. मी त्या आजही पाळतो. एखादी रीत चांगली असते म्हणून ती सगळीकडे चालवावी काय, एवढाच प्रश्न आहे, आणि तो मला कोणी वेळेवर विचारला नाही.

त्या वर्षी गावाच्या विहिरीचे पाणी बिघडले. प्रथम बुद्धवाड्यात दोन माणसे पडली. विहिरीच्या खालच्या अंगाची घरे त्यांची. त्यांना हगवण-ओकारी सुरू झाली तेव्हा वरच्या आळीतले लोक म्हणाले, त्यांच्या खाण्यात काही आले असेल. तिसऱ्या दिवशी वरच्या आळीतही माणसे पडू लागली, तेव्हा कोणी काही म्हणाले नाही. चौथ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्याची जीप आली. तरुण डॉक्टर, एक नर्सबाई आणि सलाईनच्या बाटल्यांचे एक खोके. डॉक्टर पुण्याकडचे होते, नोकरीला नवेच लागले होते. त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या, खिडकीच्या गजांना सुतळ्या बांधल्या आणि दारात उभे राहून विचारले, "गावात स्वच्छ अक्षर कुणाचं आहे?"

दहा जणांनी माझ्याकडे बोट दाखवले. हे मी खोटे लिहीत नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. त्यांच्याकडे चौदा बाटल्या होत्या. जास्त बिघडलेल्या माणसाला एक पुरत नाही, दोन लागतात, कधी तीन. जीप बुलढाण्याला आणखी बाटल्या आणायला परत पाठवली होती. ती दुपार टळल्यावर येईल, असे त्यांचे म्हणणे. तोवर कोणाला बाटली लावायची आणि कोणाला मीठ-साखरेचे पाणी पाजून थांबवायचे, हे ठरवायला हवे होते. ते स्वतः घरोघर फिरू लागले तर इथे सुया कोण लावणार? म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझ्याच मनगटावर चिमटा घेतला. कातडी लगेच बसली.

"पाहिलंस? निरोगी माणसाची अशी लगेच बसते. ज्याची चिमट्यासारखीच उभी राहते, डोळे खोल गेलेत, लघवी बंद झाली आहे, त्याचं नाव सगळ्यात वर. जो उठून बसतो, पाणी पोटात ठेवतो, त्याचं खाली. वय, घर, ओळख काही पाहायचं नाही. समजलं?"

"समजलं साहेब," मी म्हणालो.

समजले होते. बरीच वर्षे मी लोकांना सांगत आलो की डॉक्टरांनी नीट सांगितलेच नाही, गडबडीत 'यादी कर' एवढेच म्हणाले. ते खरे नाही. इतक्या नीट मला शाळेतही कोणी काही समजावून सांगितले नव्हते.

मी पेन्सिल आणि कागद घेऊन निघालो. बुद्धवाड्यात भीमरावच्या आईला, सावित्रामायला, चिमटा घेतला; कातडी उभी राहिली. कागदावर तिच्या नावापुढे दोन फुल्या मारल्या. पुढे एका घरी एक फुली, एका घरी फुलीच नाही. काम चोख चालले होते. मग मी वरच्या आळीत दौलतभाऊ पाटलांच्या घरी गेलो. दौलतभाऊ गावचे सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष. दिवाणावर लोडाला टेकून बसले होते. हातात कपात काळा चहा.

"आला का रे लिहिणारा? लिही माह्यं नाव. सकाळपासून चारदा झालं."

"पाणी पोटात ठरते का भाऊ?"

"ठरते. पण मन घाबरून राह्यलं."

आता त्यांना चिमटा घ्यायचा होता. मी त्यांच्या मनगटाकडे पाहिले. सोन्याचे घड्याळ होते, त्याखाली हात होता. अवघ्या गावात त्या हाताला चिमटा घेण्याची छाती कोणाची होती? माझी नव्हती. मी म्हणालो, "बरं भाऊ," आणि नाव लिहिले. फुली मारली नाही. पण न मारण्याचे कारण कागदावर कोठे लिहिले नाही. त्यांच्या घरचा पाहुणा आणि भाऊबंदांतले दोघे, त्यांनाही मी तसेच, न चिमटता लिहिले.

शेवटी आमच्या घरी आलो. कुसुमला पहाटेपासून सुरू झाले होते. मी निघालो तेव्हा ती बसून बोलत होती. आता ती आडवी होती आणि तिचे डोळे इतके मोठे दिसत होते की मला क्षणभर ती दुसरीच कोणी वाटली. मी तिच्या हाताला चिमटा घेतला. कातडी उभी राहिली. मी बोटाने ती दाबून बसवली, जसा ती टीपकागद दाबायची तशी. पुन्हा चिमटा घेतला. पुन्हा उभी राहिली. दोन फुल्या.

माय म्हणाली, "वर लिहिजो रे तिले. पहिलं नाव लिहिजो."

"माय, यादी मी लिहून राह्यलो."

"म्हणून तं म्हणतो. तुयाच हातात हाय."

"म्हणूनच नाही लिहिता येत," मी म्हणालो. "लोकं म्हणतीन, आपल्या बहिणीले वर घातलं."

माय माझ्याकडे पाहत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्या वेळी तिने माझ्या तोंडावर जे वाचले ते मी आजवर कोणत्याही कागदात लिहू शकलो नाही. बाबा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी काही म्हटले असते तर मी ऐकले असते. त्यांनी शाईची दौत आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

कारण कच्ची प्रत साहेबापुढे ठेवायची नसते. मी ओसरीवर बसून पक्की प्रत केली. वर मायना घातला: 'मा. वैद्यकीय अधिकारी साहेब यांचे सेवेशी'. डाव्या हाताला समास सोडला. क्रमांक टाकले. आणि टाक चालू लागला तसा तो आपल्या सवयीच्या वाटेने गेला. क्रमांक एक, दौलतराव पाटील. दोन, त्यांचे पाहुणे. मग भाऊबंद, मग वरची आळी, मग खालची. दहावे नाव सावित्रामायचे, अकरावे कुसुमचे. फुल्या मी पक्क्या प्रतीत घेतल्या नाहीत, कारण अर्जात फुल्या शोभत नाहीत. शाई ओली होती आणि टीपकागद धरायला शेजारी कोणी नव्हते, म्हणून मी फुंकर मारून ती वाळवली. त्यात किती वेळ गेला असेल? मी आज हिशेब करत नाही. जितका गेला तितका तिचा गेला.

डॉक्टरांनी यादी वाचली. त्यांच्या कपाळावर आठी आली नाही, उलट ते म्हणाले, "वा, छान." एक एक नाव पुकारले जाऊ लागले आणि माणसे खाटेवर, पाठीवर, बैलगाडीत शाळेत येऊ लागली. दौलतभाऊ स्वतः चालत आले. त्यांना पाहून डॉक्टर थबकले.

"यांना कशाला?"

पाटलांचा गडी म्हणाला, "यादीत पयलं नाव हाय साहेब."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली. डॉक्टर नवे होते, गाव पाटलांचे होते, आणि व्हरांडा माणसांनी भरला होता. त्यांनी सुई लावली. जी चूक माझ्या अक्षरात होती ती त्यांच्या हातून झाली. म्हणून मी त्यांना पूर्ण निर्दोष समजत नाही, आणि स्वतःला तर मुळीच नाही.

दुपार चढली. गिरणी त्या दिवशी बंद होती. व्हरांड्यात एका कोपऱ्यात माय कुसुमला मांडीवर घेऊन बसली होती आणि चमच्याने मीठ-साखरेचे पाणी तिच्या ओठांत घालत होती. दोन चमचे आत जात, तीन बाहेर येत. "दादा," कुसुम एकदा म्हणाली, "माह्या कोनाड्यातले कागद कोणी घेतले तं नाही ना?" मी म्हणालो, "नाही." त्यानंतर ती माझ्याशी बोलल्याचे मला आठवत नाही. सुतळीला लटकलेल्या बाटल्यांतून थेंब पडत होते आणि त्या थेंबांना आवाज नव्हता. दौलतभाऊंची पहिली बाटली संपली, दुसरी लावली. ते शेजारच्याला सांगत होते, "थंडगार वाटते बरं. अंगात जीव येते."

नववे नाव चालू असताना खोक्यात एक बाटली उरली. जीपचा पत्ता नव्हता. तेवढ्यात फाटकातून भीमराव आला. सावित्रामायला त्याने पाठंगुळी घेतले होते. कोणी म्हणाले, "थांब बे, नाव पुकारलं नाही अजून." त्याने ऐकले नाही. सरळ डॉक्टरांपुढे जाऊन आईला सतरंजीवर निजवले.

"यादी गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "तुम्ही हात लावून पाहा साहेब. कागदाले नका पाहू, माह्या मायले पाहा."

डॉक्टरांनी हात लावला. चिमटा घेतला. शेवटची बाटली तिला लावली. लोक कुजबुजले की याने रांग मोडली. मीही कुजबुजणाऱ्यांत होतो.

ते पाहून माय उठली. कुसुमला छातीशी धरून म्हणाली, "मी बी नेतो. मी बी तिच्यापुढं टाकतो."

आणि मी तिचा दंड धरला. "माय, बस खाली. सारं गाव पाहून राह्यलं. आपूनच रांग मोडली तं मंग काय राह्यलं?"

ती बसली. पंचवीस वर्षे वयाने मोठी, माझी आई, माझ्या शब्दावर बसली. मी शिकलेला होतो ना!

थोड्या वेळाने डॉक्टर हातातली यादी पाहत आमच्या कोपऱ्यात आले. "अकरा नंबर कोण?" मायने पदर बाजूला केला. ते गुडघ्यावर बसले. त्यांनी कुसुमच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती तशीच उभी राहिली.

"ही शेवटी कशी?"

"साहेब, ती माझी बहीण आहे," मी म्हणालो. "म्हणून शेवटी लिहिली." आणि हे सांगताना माझी मान ताठ होती. मला वाटले होते की ते माझी पाठ थोपटतील. हे मी पहिल्यांदाच लिहितो आहे.

ते उठले. दौलतभाऊंच्या हातातली सुई त्यांनी काढली. "अहो साहेब, अर्धी बाकी हाय!" दौलतभाऊ म्हणाले. ती अर्धी बाटली, नवी नळी आणि नवी सुई घेऊन डॉक्टर कुसुमपाशी धावत आले. हातात शीर सापडली नाही. दुसऱ्या हातात सापडली नाही. नर्सबाईने पाय धरला. पायात सापडली, थेंब पडू लागले. गुरे गावात परतत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. पाच-सात मिनिटे थेंब पडत राहिले आणि मग डॉक्टरांनी स्वतःच्या बोटांनी नळी बंद केली. दिवेलागणीला जीप आली. तिच्यात तीन खोकी होती.

जाण्यापूर्वी डॉक्टर मला सर्वांसमोर म्हणाले, "मी तुझ्याकडे प्रकृती मागितली होती. तू मान लिहून आणलास. वरच्यांचा मान वर, आणि तुझा स्वतःचा मान सगळ्यात खाली."

पहिल्या अर्ध्या वाक्याचा राग मला लगेच आला. दुसऱ्या अर्ध्याचा अर्थ कळायला वीस वर्षे लागली.

रात्री बाबांना माझ्या खिशात कच्ची प्रत सापडली. पाटलांच्या नावापुढे काही नाही. कुसुमच्या नावापुढे दोन फुल्या. त्यांनी ती नीट वाचली, चुलीत घातली, आणि म्हणाले, "हे कोणाले सांगू नको." त्यानंतर ते ओसरीवर टाक घेऊन फारसे बसले नाहीत. अर्ज माझ्याकडेच येऊ लागले.

आता जो भाग लिहायचा तो मला या सर्वांहून जड जातो. तेराव्यानंतर गावच्या सभेत दौलतभाऊंनी माझे नाव घेतले. स्वतःच्या बहिणीचे नाव ज्याने शेवटी लिहिले असा निःपक्षपाती मुलगा आपल्या गावात निपजला, म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मी ती घेतली. टाळ्या वाजल्या. मग त्यांनी मला घरी बोलावून एक अर्ज लिहायला सांगितला: सदर डॉक्टरांनी अपुरा औषधसाठा आणून गावकऱ्यांच्या जिवाशी खेळ केला, तसेच रुग्णाच्या अंगातील चालू सलाईन काढून घेऊन त्याचा जीव धोक्यात घातला व अवमान केला, सबब त्यांची बदली व्हावी. मी तो लिहिला. माझ्या हातचा तो पहिला स्वतंत्र मसुदा. सह्यांसाठी घरोघर मीच फिरलो. भीमरावने कागद हातात घेतला, वाचला आणि परत दिला.

"तुया बहिणीसाठी त्या माणसानं पाटलाच्या हातातली सुई काढली," तो म्हणाला. "अन तू त्याच्याच नावानं अर्ज घेऊन फिरून राह्यला? जाय बे, जाय इथून."

सह्या पुरेशा झाल्या. वर दौलतभाऊंची, शेवटी माझी. डॉक्टरांची बदली झाली. कोठे, ते मला माहीत नाही. कोठे असतील तिथे ते लोकांच्या अक्षरावर विश्वास ठेवत नसावेत. दौलतभाऊंच्या शब्दाने मला मोताळ्याला कडुनिंबाखाली जागा मिळाली. निःपक्षपाती म्हणून माझे नाव आधीच पोचले होते. ते नाव मी आजवर खात आलो.

अलीकडच्या मोठ्या साथीत, जेव्हा शहरांतल्या दवाखान्यांत खाटा मिळेनात, तेव्हा लोक माझ्याकडे विनंतीपत्रे लिहून घ्यायला येत. माझ्या बापाला आधी घ्या, माझ्या बायकोला आधी घ्या. त्या दिवसांत शिकलेली माणसे चहाच्या टपरीवर वाद घालत की तरुणाला आधी वाचवावे की म्हाताऱ्याला, आपल्या माणसाची ओळख लावणे पाप की नाही. मी ऐकत असे. ओळख लावून वर चढणे हे पाप आहे, यावर सगळ्यांचे एकमत होते. लाजेने आपल्या माणसाला खाली ढकलणे हे काय आहे, हे कोणी विचारले नाही. दोन्हीकडे रोग्याला कोणी पाहतच नाही, एवढे मी सांगू शकलो असतो. मी म्हणालो नाही. मी पत्रे लिहून देत होतो, आणि प्रत्येकाला एकच सांगत होतो: कागद माझ्याकडून घे, पण माणसाला पाठीवर घेऊन जा.

माय माझ्याशी बोलायची, नाही असे नाही. भाकर वाढायची, तब्येत विचारायची. पण तिने मला कधी एक ओळ लिहायला सांगितली नाही. मामाला पत्र पाठवायचे झाले तरी शेजारच्या सुनेकडून लिहून घेई. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी, तिच्या म्हातारपणी, विधवांना मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी तिला अर्ज करायचा होता. ते मला तिने सांगितले नाही. एका सकाळी एसटीतून उतरून ती एकटी कचेरीकडे आली. मी टेबलावर होतो. तिने मला पाहिले, मी तिला पाहिले. ती माझ्या टेबलासमोरून, रांगेच्या कडेने, सरळ पुढे गेली आणि फाटकाजवळच्या वानखडे अर्जनवीसापुढे जाऊन बसली. वानखडेचे अक्षर गिचमीड आहे. सगळ्या तालुक्याला माहीत आहे.

माझ्या रांगेतले लोक माझ्याकडे पाहत होते. मी लिहीत राहिलो. काय लिहिले ते आठवत नाही.

ती घरी परतल्यावर वानखडे अर्ज घेऊन माझ्याकडे आला. भला माणूस आहे. म्हणाला, "दादा, दाखल करण्याआधी तुम्ही एकदा पाहून घ्या. म्हातारी ऐकतच नव्हती. कुटुंबातल्या व्यक्तींची नावं लिहायची, तर म्हणे पहिलं नाव कुसुमचं लिहा. मी म्हटलं, मावशी, मयताचं नाव यात लागत नाही, साहेब काटतीन. तं म्हणे, काटू दे. तुमी लिहा."

"अन माझं?"

वानखडे नजर चुकवून म्हणाला, "मी इचारलं, मुलगा हाय ना मावशी, त्याचं नाव कुठं टाकू? तं म्हणे, शेवटी टाका. त्याले थेच जागा आवडते."

मी अर्ज दोनदा वाचला. क्रमांक एक, कुसुम. क्रमांक दोन, ती स्वतः. क्रमांक तीन, मी. अक्षर वाईट होते, समास सोडलेला नव्हता. पण त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते. मी तो वानखडेला परत दिला.